वहीत न मावणाऱ्या कामाला जागा द्या

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

शाळा उघडायच्या आधी आपल्या टेबलावर एक मोठा कागद पसरलेला असतो. आडवे वार, उभे तास, पेन्सिलीने भरलेले चौकोन आणि बाजूला खोडरबराचा चुरा. गणित, विज्ञान, इंग्रजी आधी बसतात, मग बाकीचे विषय, आणि शेवटी उरलेल्या चौकोनात माझा विषय येतो. बहुतेक वेळा तो जेवणाच्या सुट्टीनंतर असतो, नाहीतर शनिवारचा शेवटचा. तो कागद पक्का व्हायच्या आत हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचावं म्हणून आत्ताच लिहायला बसले आहे.

मी कलाशिक्षिका आहे. एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, करून नाशिकमध्ये शिकवायला लागले त्याला आता २२ वर्षं झाली. या पत्रात मला एकच गोष्ट मागायची आहे. मुलं मातीत, लगद्यात, तारेत, पुठ्ठ्यात जे काम करतात, म्हणजे शिल्प आणि मिश्र माध्यमातलं काम, त्याला शाळेत जागा द्या. जागा म्हणजे खरोखरची जागा: वेळापत्रकात, नळाजवळ आणि एखाद्या फळीवर. चित्र वहीत राहतं आणि वही दप्तरात राहते. शिल्प वहीत मावत नाही. आणि जे वहीत मावत नाही ते ठेवायला आपल्याकडे कपाट नाही, तपासायला रकाना नाही, म्हणून करायला तासही नाही. अभ्यासक्रमात कलेच्या विषयात चित्राच्या शेजारीच 'शिल्प' हा शब्द छापलेला आहे. पण पाचवी ते दहावी एकदाही मातीला हात न लावता बाहेर पडलेली मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

एका शेळीची गोष्ट सांगते, म्हणजे मी काय मागते आहे ते नीट कळेल.

सातवीच्या वर्गाला मी 'घराजवळचा प्राणी' असा विषय दिला होता. चार मुलींनी मिळून शेळी करायला घेतली. धड छान झालं, मानही झाली, कानसुद्धा बरोबर खाली पडलेले. मग चार पाय वळले, धडाला चिकटवले आणि शेळी उभी केली. पाय चारी बाजूंना फाकले आणि शेळी पोटावर बसली. माती अजून ओली होती, ते वजन तिला पेलणारच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकीने घरून खराट्याच्या काड्या आणल्या. पायांच्या आत काड्या घालून वरून माती लिंपली. या वेळी शेळी उभी राहिली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण पुढच्या आठवड्यात फळीवरून काढली तर चारही पायांना उभ्या चिरा. माती सुकताना आकसते, काडी आकसत नाही. आतली काडी जागची हलत नाही, म्हणून बाहेरची माती फाटते. हे मी त्यांना आधी सांगू शकले असते. सांगितलं नाही, आणि त्याचं मला समाधान आहे.

तिसऱ्या वेळी त्या बराच वेळ नुसत्या बसून होत्या. मग एकजण म्हणाली, "बाई, पोटाखालची माती काढूयाच नको का?" त्यांनी पोटाखाली सगळा गोळा तसाच ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाय नुसते उठवून दाखवले. शेळी उभी राहिली, सुकली, एकही चीर गेली नाही.

त्या डिसेंबरात आमची सहल पांडवलेण्यांवर गेली. पायऱ्या चढून मुलं धापा टाकत वर आली. लेणं क्रमांक ३, जिथे सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, त्याच्या ओसरीखाली सहा गण, म्हणजे भार वाहणाऱ्या कोरीव आकृती, खांद्यांवर दगडी तुळया घेऊन आहेत. जमिनीतून ते अर्धेच वर आलेले आहेत. मी तिथे किती वेळा गेले असेन, दर वेळी शिलालेख दाखवते, खांबांवरची जनावरं दाखवते. त्या दिवशी शेळीवाल्यांपैकी एक मुलगी खाली वाकून गणांकडे बघत ओरडली, "बाई, यांनीपण पाय केले नाहीत!" दुसरी म्हणाली, "अगं, ते वजनाने जमिनीत रुतलेत." दोघी तिथेच भांडायला लागल्या. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीच्या कारागिराने असं का केलं असेल यावर १२ वर्षांच्या दोन मुली तावातावाने बोलत होत्या, कारण त्यांना स्वतःला पायांनी तीन आठवडे छळलं होतं. नुसती चित्रं काढणाऱ्या वर्गाला घेऊन मी त्या ओसरीसमोर कितीदा तरी उभी राहिले आहे. ते बोलणं मला तेव्हाच पहिल्यांदा ऐकू आलं.

परत आल्यावर त्यांना मी दायमाबादच्या कांस्यवस्तूंचे फोटो दाखवले. प्रवरेच्या काठी, आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, १९७४ मध्ये सापडलेले हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. मुलींनी आधी पायच पाहिले. पायांखाली पट्ट्या, आणि पट्ट्यांखाली चाकांची सोय. "ह्यांनी गाडीच केली," एकीचा निकाल.

या शेळीला तीन आठवडे लागले आणि प्रत्येक आठवड्यात सलग दोन तास लागले. त्या वर्षी मला जोड तास मिळाला होता, तो कसा मिळाला ती वेगळी कथा आहे. एकेरी तासाचा हिशोब आपणच मांडून बघा. तास ३५ मिनिटांचा. मुलं रांगेत येऊन बसेपर्यंत आणि माती वाटेपर्यंत १० मिनिटं जातात. शेवटची १० मिनिटं पाट पुसणं, हात धुणं, काम झाकून ठेवणं यात जातात. मधे उरतात १५. पंधरा मिनिटांत मूल गोळा मळतं, तो हाताला मऊ लागायला लागतो आणि घंटा होते. जोड तासात तेच आवरणं-सावरणं एकदाच होतं आणि कामाला ५० मिनिटं मिळतात. मला आठवड्याला जास्त तास नकोत. जे दोन आहेत तेच एका दिवशी, एकापाठोपाठ एक लावा. वेळापत्रकाच्या त्या कागदावर खोडरबर एकदा फिरवण्याएवढंच ते काम आहे.

माती शाळेत नवीन नाही, आणि नाशिकला तर मुळीच नाही. गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या माणसांनी घडवलेल्या, रंगवलेल्या भांड्यांचे तुकडे मिळाले. तिकडे डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, पानं, माती हीच शिक्षणाची साधनं मानून शाळा चालवली. आणि आपल्या घरांत तर वर्षभर हे चालूच असायचं. नागपंचमीला मातीचा नाग, हरतालिकेला वाळूची पिंड, पोळ्याला मातीचे बैल. कुंभाराच्या बैलाचे पाय आखूड आणि जाडजूड का असतात हे पूर्वीच्या मुलांना सांगावं लागत नसे, कारण त्यांनी स्वतः बारीक पायांचा बैल करून तो मोडलेला असायचा.

आणि दिवाळीतला किल्ला! आपल्या मुलांचं ते केवढं मोठं मिश्र माध्यमातलं शिल्प आहे, हे आपण कधी त्या नावाने म्हणत नाही एवढंच. आधी दगडविटांचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर माती, उतारावर आळीव पेरून केलेलं गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं, वर मावळे. वजन कुठे टाकायचं, पाणी मारलं की कुठली बाजू ढासळेल, आळीव किती दिवस आधी पेरला तर लक्ष्मीपूजनाला हिरवा दिसेल, हे सगळं मुलं एकमेकांकडून शिकतात. आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ल्याला जागा नाही आणि बाजारात तयार किल्ला विकत मिळतो. म्हणून शाळेची जबाबदारी वाढली आहे. पूर्वी शाळेने हे केलं नाही तरी अंगण करत होतं.

पाचवीच्या नव्या वर्गाला पहिल्यांदा माती देते त्या दिवशी निम्मी मुलं गोळा दोन बोटांच्या टोकांनी उचलतात, जणू तो चावेल. काहीजण हात लगेच रुमालाला पुसतात. त्यांचा यात दोष नाही, कुणी हात मळू दिलेच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तीच मुलं कोपरापर्यंत मळलेली असतात, आणि वर्गात जी शांतता असते ती मला दुसऱ्या कुठल्याच तासाला ऐकू येत नाही.

मिश्र माध्यमाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण आपल्याकडे त्याला 'टाकाऊतून टिकाऊ' असं नाव पडलं आहे. मला हे नाव आवडत नाही. त्यात काम संपतं ते पेनस्टँडवर किंवा फुलदाणीवर, आणि मुलाला वाटतं की कचरा कमी करणं एवढाच याचा उद्देश आहे. खरं काम वेगळं आहे. कुठली वस्तू कशासारखी वागते, कुठलं पोत काय बोलतं, हे हाताने चाचपून ठरवायचं.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या एका गटाने गोदावरीचा पूर करायचं ठरवलं. त्यातली बहुतेक पंचवटीतली मुलं होती. द्राक्षांचं खोकं उलटं करून त्याचा घाट केला. होळकर पूल पुठ्ठ्याच्या कमानींचा. पाण्यासाठी आधी निळा घोटीव कागद आणला. तो चिकटवत असताना एका मुलीने विचारलं, "पुराचं पाणी निळं असतं का रे?" सगळे थांबले. मग चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद, मग खाकी कागद चुरगळून, काहीच जमेना. शेवटी एकजण म्हणाला, "दिवाळीच्या किल्ल्याला करतो तसं करू." गोणपाट मातीच्या पातळ राबडीत बुडवून, पिळून, घड्या पाडून अंथरलं. ते सुकल्यावर मी पाहिलं आणि मला ऑगस्टमधला रामकुंडाचा आवाज आठवला.

पुलाच्या कठड्याला त्यांनी कांद्याच्या लाल गोणीची जाळी फाडून, पिळून लटकवली होती. मला आधी कळलं नाही. "बाई, पूर उतरल्यावर कठड्याला कचरा अडकलेला असतो ना, तो." ज्या मुलीने हे केलं तिला मी विचारलं, हे तुला सुचलं कसं? तिला प्रश्नच समजला नाही. ती रोज त्या पुलावरून शाळेत येत होती.

सर्वांत मोठं भांडण झालं ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून. आपल्या गावात पूर मोजायचा तो त्या मूर्तीवरच. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, एवढं म्हटलं की अख्ख्या नाशिकला कळतं. एका शिल्पाकडे बघून सगळं गाव नदीचा अंदाज घेतं, अशी किती गावं असतील? मुलांचा वाद होता की पाणी कुठवर दाखवायचं. एक म्हणे कंबर, दुसऱ्याच्या आजोबांनी मानेपर्यंत पाहिलेलं. शेवटी त्यांनी गोणपाटाला मारुतीच्या मापाचं भोक पाडलं, शाडूच्या मारुतीला खालून जाड तार लावली आणि ती खोक्यातून खाली काढली. तार वर-खाली केली की पूर चढतो आणि उतरतो. भांडी बाजारात ज्याच्या घरचं दुकान होतं त्या मुलाने तांब्याच्या पत्र्याची कात्रणं आणली. कडा दुमडून, घासून घेतल्या आणि त्यांचे देवळांचे कळस केले. त्या सगळ्या मातकट कामात तेवढेच चकाकत होते.

हे काम प्रदर्शनात दोन दिवस होतं. मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे सोमवारी हॉल परीक्षेच्या बैठकीसाठी लागणार होता. रविवारी हॉल रिकामा झाला. सोमवारी सकाळी मुलं आपलं काम बघायला आली तेव्हा ते घंटागाडीत गेलेलं होतं. यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सेवकांना हॉल मोकळा करायला सांगितलं होतं, त्यांनी केला. ते काम नेऊन ठेवायला जागाच नव्हती, तर त्यांनी तरी काय करावं? कळस करणारा मुलगा कोपऱ्यात वाकून काहीतरी शोधत होता. त्याला एक कळस सापडला, तो त्याने खिशात टाकला.

पुढच्या वर्षी त्याने माती घेतली नाही, तार घेतली नाही. म्हणाला, "बाई, मी चित्र काढतो. वही घरी नेता येते."

हे वाक्य मी कितीतरी दिवस विसरू शकले नाही. म्हणून माझं मागणं आधी फळीचं आहे, साहित्याचं नंतर. एक भिंत, तिला तीन फळ्या, पुढे जाळीचं दार आणि किल्ली वर्गाच्या मॉनिटरकडे. ओलं काम ओल्या फडक्यात गुंडाळून खालच्या फळीवर, सुकणारं काम मधल्या फळीवर सावलीत, पूर्ण झालेलं वर. जिन्याखालची जागासुद्धा चालते. आमच्या सध्याच्या शाळेत ती जिन्याखालीच आहे आणि तिथे ऊन-वारा लागत नसल्यामुळे माती हळूहळू सुकते, चिरा कमी पडतात. आणि काम काढून टाकायचं असेल तर ते मुलांना आधी सांगा. ज्याला घरी न्यायचंय तो नेईल, ज्याला मोडायचंय तो स्वतःच्या हाताने मोडून माती परत बादलीत टाकेल. स्वतः मोडणं आणि आपलं काम कचऱ्यात गेलेलं बघणं यात मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खर्चाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात, म्हणून तेही सांगते. एका मुलाला मुठीत मावेल त्याहून थोडा मोठा, साधारण अर्धा किलोचा गोळा पुरतो. ४० मुलांच्या वर्गाला २० किलो. भट्टीत न भाजलेली माती मरत नाही. वाळली की फोडायची, पाण्यात भिजत घालायची, गाळून पुन्हा मळायची. तीच माती वर्षभर आणि पुढच्या वर्षीही चालते. शाडू बाहेरून, मुख्यतः गुजरातेतून येतो, गणपतीच्या दिवसांत महाग होतो. तो आधीच घेऊन ठेवावा, नाहीतर आपलीच माती वापरावी. नुसती काळी माती मात्र मुलांना देऊ नका. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, शेतात दिसतं तसंच. तिच्यात नदीकाठचा पोयटा आणि चाळलेली राख मिसळली तर बरीच वठणीवर येते. कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद घालतात ती याचसाठी. शाळेत लीद आणणं अवघड, पण भिजवून कुटलेला वर्तमानपत्राचा लगदा मातीत मळला तरी त्यातले धागे माती धरून ठेवतात.

लगद्यावरून आठवलं. हरसूलकडून शिकायला आलेल्या एका मुलाने मला सांगितलं की त्यांच्याकडे बोहाड्याला, म्हणजे सोंगं नाचवण्याच्या उत्सवाला, लागणारे मुखवटे त्याचा मामा लगद्याचे करतो. आणि दुसऱ्या एकाची आजी शाळेत येऊन आम्हाला कागदाची टोपली करून दाखवून गेली. तिने लगद्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घातल्या, त्याने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही. दोन तास ती फरशीवर मांडी घालून बसली होती आणि वर्ग तिच्याभोवती. खळीत मोरचूद घालायची एक जुनी पद्धत आहे, ती मुलांच्या कामात अजिबात नको, ते विष आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसही नको. त्याची धूळ वाईट आणि घट्ट होताना ते इतकं तापतं की हात आत राहिला तर भाजतो.

आता दोन अवघड गोष्टी. बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, पालकांनी आणि शिक्षकांनी केलेली कामं. प्रदर्शनात आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो तो ज्वालामुखी किंवा ताजमहाल अनेकदा दुकानातून आलेला असतो, किंवा रात्री दोनपर्यंत जागून आईने केलेला असतो. मुलाला ते माहीत असतं. बक्षीस घेताना त्याचा चेहरा बघा. कलाशिक्षकही यातून सुटलेले नाहीत. पूर्वी मीही मुलाच्या मूर्तीचं नाक 'जरासं नीट' करून द्यायचे. ते नाक मग त्याचं राहत नाही. प्रदर्शनात वाकड्या मानेची, बोटांचे ठसे दिसणारी कामं ठेवायची हिंमत मुख्याध्यापकांनी दाखवली तरच आम्हाला हात मागे घेता येतो, कारण पाहुणे शेवटी आपल्याला विचारतात.

दुसरी, साच्यातले गणपती. ऑगस्टमध्ये शाळाशाळांत शाडूच्या गणपतीची कार्यशाळा होते, नदीसाठी ते फार चांगलं आहे आणि ते चालू राहावं. पण रबरी साच्यात माती दाबून दोन तासांत निघालेले ५० सारखे गणपती म्हणजे मुलांनी शिल्प केलं असं समजू नका. वर्षातून एकदा साचा बाजूला ठेवून मुलांना म्हणा, तुझा गणपती कसा बसतो ते दाखव. एका मुलाचा गणपती पालथी मांडी घालून अभ्यास करत होता. एकीचा सोंडेने कान खाजवत होता. पूजेला कोणता बसवायचा ते घरचे ठरवतील, शाळेने फक्त तो घडू द्यावा.

परीक्षेचंही म्हणणं मला कळतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या रेखाकला परीक्षांना आम्ही मुलांना दरवर्षी बसवतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक त्यासाठीच विचारतात, आणि त्यात चूक काही नाही. पण या परीक्षांतलं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, सगळं कागदावर आहे. त्यामुळे आठवी-नववीत शाळेचा सगळा कलेचा वेळ कागदावर जातो. माझा अनुभव उलट सांगतो. ज्या मुलाने मातीचा तांब्या वळला आहे त्याला वस्तुचित्रात तांब्याच्या काठाची लंबवर्तुळं समजावून सांगावी लागत नाहीत. तो काठ त्याच्या अंगठ्याला ठाऊक असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत आणि त्यात मुलांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकावं असं स्पष्ट लिहिलं आहे. हे दिवस आपल्याकडे सहलीत किंवा कारखान्याच्या भेटीत संपतात, मुलं रांगेत उभी राहून बघतात आणि परत येतात. नाशिकच्या शाळांना यासाठी लांब जायला नको. जुन्या नाशकात कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे. बुरूडकाम करणारे, सुतार आहेत. दहा-दहा मुलांच्या तुकड्या करा आणि त्यांना तिथे तीन तास खाली बसू द्या, हात घालू द्या. कारागिरालाही त्याच्या वेळेचं मानधन द्या, नुसती शाल-श्रीफळ नको. सिन्नरच्या गोंदेश्वराला मुलांना नेत असाल तर प्रत्येकाच्या पिशवीत मातीचा एक गोळा द्या. आवारात सावलीला बसून समोर दिसणारी एकच आकृती, एकच हात, एकच पाकळी करू द्या. मग ते मंदिर त्यांना यादव काळाच्या प्रश्नोत्तरापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक नाही, हे मला माहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, द्यायला सांगितलं आहे. ते पद आपल्याकडे भरलेलं नसेल तर त्याचा पाठपुरावा शाळा व्यवस्थापन समितीने करावा, एकट्या मुख्याध्यापकांवर टाकू नये. तोवर भाषेच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांनाही हे काम घेता येईल. त्यांना शिल्प यायला हवं असं नाही. माती कशी भिजवायची, दोन तुकडे जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून मधे मातीची राबडी कशी लावायची, काम कसं झाकायचं, एवढं एका दुपारी शिकता येतं. बाकीचं मुलं करतात.

त्या दुपारची जबाबदारी मी घेते. आमच्या शाळेत जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्षाची माती भिजत घालतो. ज्या शाळेला हवं असेल त्यांनी आपले दोन शिक्षक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाठवावेत, किंवा बोलावलंत तर मी येईन. येताना एक बादली, जुनी चादर आणि गाळायला मच्छरदाणीचा तुकडा आणावा. परत जाताना प्रत्येकाला मळलेल्या मातीचा एक गोळा देईन. त्याआधी वेळापत्रकाच्या कागदावर दोन चौकोन शेजारी-शेजारी आणा आणि शिपाईमामांना विचारून जिन्याखालची एखादी जागा झाडून ठेवा.

आपली नम्र,
एक कलाशिक्षिका
नाशिक